बढतीचा वाद आणि मूल्यमापकांची तपासणी

नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीतील यंत्रभाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी गुणवत्ता विभाग सांभाळते. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे सुपरवायझरच्या जागांसाठी बढत्यांची यादी नोटीस बोर्डावर लागली आणि पुढच्या काही आठवड्यांत मशीन शॉपचे वातावरण पार बिघडले. भांडण असे कोणी केले नाही. मात्र पाळी बदलताना एकमेकांना तोंडी माहिती देण्याची जुनी पद्धत बंद पडली, लॉगबुकात ‘ओके’ या एका शब्दापलीकडे कोणी काही लिहीना, आणि आधीच्या पाळीत टूल कधी बदलला, ऑफसेट (टूलच्या जागेची दुरुस्ती) किती दिला, हे दुसऱ्या पाळीच्या माणसाला कळेनासे झाले. परिणामी भागांची मापे सरकू लागली आणि दुसऱ्या पाळीतले रिजेक्शन, म्हणजे तपासणीत नापास होणारे भाग, वाढले. बढतीचा प्रश्न खरे तर मनुष्यबळ विभागाचा. पण तो माझ्या टेबलावर आला तो या वाढलेल्या रिजेक्शनच्या वाटेने.

व्यवस्थापनाचा पहिला विचार असा होता की नाराज मंडळींना बोलावून समजूत काढावी आणि एखाद्या बाहेरच्या व्यक्तीकडून समुपदेशन करून घ्यावे. मला ते पुरेसे वाटले नाही, कारण नाराजी एका माणसाची नव्हती आणि मागच्या यादीनंतरही ती थोड्याफार प्रमाणात उमटली होती. एखादा दोष पुन्हा पुन्हा येत असेल तर तो माणसात शोधण्याआधी प्रक्रियेत शोधावा, ही आमच्या विभागाची रोजची शिस्त आहे. म्हणून मी असे सुचवले की बढती हीदेखील एक प्रक्रिया मानावी आणि रिजेक्शन कमी करण्यासाठी आपण जी पाच टप्प्यांची पद्धत वापरतो, म्हणजे व्याख्या, मोजमाप, विश्लेषण, सुधारणा आणि नियंत्रण, ती येथेही वापरून पाहावी. ही पद्धत ज्या सिक्स सिग्मा नावाच्या कार्यपद्धतीतली आहे, ती १९८६ साली मोटोरोला या अमेरिकी कंपनीत सुरू झाली ती उत्पादनातल्या दोषांसाठी. माणसांच्या आशा-अपेक्षांना ती लावणे योग्य होईल का, अशी शंका आमच्या मनुष्यबळ अधिकारी बाईंनी घेतली. शंका रास्त होती. त्यावर आमचे ठरले ते असे की माणसांना सुधारण्याचा प्रयत्न आपण करायचा नाही. निर्णय ज्या रीतीने होतो तेवढीच रीत तपासायची.

या तपासणीसाठी केलेल्या गटात त्या अधिकारी बाई, दोन विभागप्रमुख, मशीन शॉपमधले एक जुने तंत्रज्ञ आणि युनियनचे प्रतिनिधी असे सारे होते. युनियनला घेण्यास विरोध झाला, तेव्हा प्रतिनिधींनी शांतपणे कायद्याकडे लक्ष वेधले. कामगार संघटनांची मान्यता आणि अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध यासंबंधीचा महाराष्ट्राचा जो १९७१ चा कायदा आहे, त्याच्या चौथ्या अनुसूचीत गुणवत्ता न पाहता कामगारांच्या एका गटाला झुकते माप देणे ही अनुचित प्रथा म्हणून नोंदलेली आहे. त्यांनी धमकी दिली नाही. औद्योगिक न्यायालयाचा मार्ग आम्हाला मोकळा असताना आम्ही या टेबलावर बसायला तयार आहोत, एवढेच सांगितले. त्यानंतर विरोध मावळला. लागलेली यादी पुन्हा उघडायची नाही, ही व्यवस्थापनाची अट मात्र कायम राहिली आणि तिच्यावर बरीच गरमागरमी झाली. माझ्या मते ती अट आवश्यक होती, कारण ज्यांना बढती मिळाली त्यांनी नियम मोडलेला नव्हता. त्यांची पदे टांगणीला लावली असती तर नवा अन्याय झाला असता.

समस्येची व्याख्या करण्यातच आमचा पुष्कळ वेळ गेला आणि तो जायलाच हवा होता. ‘अमुक नाराज आहे’, ‘तमुक विभागाला डावलले’ अशी वाक्ये एकामागून एक येत होती. मी एकच नियम धरला: समस्येच्या वाक्यात कोणाचे नाव नको, कारण नको आणि उपायही नको. शेवटी जे वाक्य उरले त्याचा आशय असा होता की बढतीच्या निर्णयाचे निकष संबंधितांना आधी माहीत नसतात, निर्णयाची कारणे नंतर कळत नाहीत, आणि त्यामुळे पाळ्यांमधील सहकार्य घटते. हे वाक्य हाती आले ते मुलाखतींमधून. ज्यांना पद मिळाले नाही, ज्यांना मिळाले आणि ज्यांना त्या नव्या सुपरवायझरच्या हाताखाली काम करायचे होते, अशा तिन्ही प्रकारच्या लोकांशी आम्ही स्वतंत्रपणे बोललो. एक ज्येष्ठ सेटर, म्हणजे कामाआधी यंत्र जुळवून देणारे कारागीर, ज्यांच्या हातचे सेटिंग सबंध शॉपमध्ये प्रमाण मानले जाते, मला म्हणाले, “मॅडम, मले प्रमोशन नाही भेटलं, त्याचं काही नाही. पण काहून नाही भेटलं, हे कोणी सांगूनच नाही राहिलं.” हीच भावना वेगवेगळ्या शब्दांत जवळजवळ प्रत्येकाने बोलून दाखवली.

ज्या तरुणाला पद मिळाले होते त्याचे म्हणणे मला त्याहून महत्त्वाचे वाटले. त्याने पदविका घेतली होती, नव्या सीएनसी (संगणक-नियंत्रित) यंत्रांवर त्याचा हात चांगला बसला होता आणि तो खरोखर पात्र होता. पण त्याच्या पात्रतेची कारणे कोठेच लिहिलेली नसल्यामुळे त्याला ओळखीवर पद मिळाले असे सगळीकडे बोलले जात होते आणि त्याचे खंडन करण्याचे कोणतेही साधन त्याच्याकडे नव्हते. बंद दाराआड झालेला निर्णय हरलेल्याचे नुकसान करतो हे सर्वांना दिसते. तो जिंकलेल्याचीही अप्रतिष्ठा करतो, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा इतक्या स्पष्टपणे दिसले. निकष आणि कारणे जाहीर करा, अशी लेखी मागणी गटाकडे सर्वांत आधी केली ती त्यानेच.

यानंतर प्रक्रियेचा नकाशा काढला. कागदावरची प्रक्रिया एका पानाची होती: शिफारस, समितीची बैठक, मंजुरी. प्रत्यक्षात काय घडते ते पायरीपायरीने भिंतीवर चिठ्ठ्या लावून मांडले, तेव्हा शिफारस या पहिल्याच पायरीवर गट थांबला. विभागप्रमुख ज्यांची नावे सुचवतील त्यांचाच पुढे विचार होत असे. ज्यांची नावे सुचवली गेली नाहीत त्यांची कोठेही नोंद नव्हती, म्हणजे सर्वांत मोठी गाळणी या पायरीवर होत होती आणि तिचा कागद एकही नव्हता. समितीच्या बैठकीत काय चर्चा झाली यावर लोक वाद घालत होते. पण बहुतेकांचे नाव त्या बैठकीपर्यंत पोहोचलेलेच नव्हते. नावे कशी सुचली, याची विचारपूस केल्यावर पुढची गोष्ट उघड झाली. विभागप्रमुख जनरल शिफ्टमध्ये येतात, त्यामुळे पहिल्या पाळीतली माणसे त्यांच्या रोज डोळ्यांसमोर असतात आणि रात्रपाळीत वर्षानुवर्षे यंत्र सांभाळणारा माणूस त्यांना दिसतो तो बहुधा काही बिघडले तरच. यात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. तरीही परिणाम अन्यायाचाच होता, आणि रात्रपाळी करणाऱ्यांच्या मनात साचलेली कटुता अकारण नव्हती.

मोजमापाचा टप्पा हा या सबंध कामाचा गाभा ठरला, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहिते. कारखान्यात एखाद्या भागाचे माप घेण्याआधी आम्ही मोजमापाची पद्धतच तपासतो: तोच भाग त्याच माणसाने पुन्हा मोजला तर तेच माप येते का, आणि दुसऱ्याने मोजला तर येते का. मायक्रोमीटरला जो न्याय लावतो तो बढतीचे गुण देणाऱ्यांना का लावू नये, असा प्रश्न मी गटात मांडला. जुन्या मूल्यमापनाच्या कागदांवरून नाव, विभाग आणि ओळख पटेल असा प्रत्येक तपशील काढून आम्ही काही काल्पनिक माहितीपत्रके तयार केली. मूल्यमापन करणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याने ती स्वतंत्रपणे वाचून ‘पात्र’ किंवा ‘अद्याप नाही’ असे ठरवायचे, आणि काही दिवसांनी क्रम बदलून दिलेली तीच पत्रके पुन्हा वाचून पुन्हा ठरवायचे, अशी योजना केली.

अशा चाचणीत नुसती सहमतीची टक्केवारी पाहणे फसवे असते, कारण दोघांनी डोळे मिटून उत्तरे दिली तरी काही उत्तरे जुळणारच. जेकब कोहेन यांनी १९६० साली मांडलेला कॅप्पा हा निर्देशांक योगायोगाने जुळणारा हा भाग वजा करतो. समजा दोन अधिकारी प्रत्येकी निम्म्या लोकांना पात्र ठरवतात. मग १०० पैकी ५० प्रकरणांत त्यांचे मत योगायोगानेच जुळेल. प्रत्यक्षात ६० जुळली तर ६० टक्के सहमती ऐकायला बरी वाटते, पण योगायोगापलीकडे मिळू शकणाऱ्या ५० पैकी केवळ १० जुळली, म्हणून कॅप्पा येतो ०.२. वाहन उद्योगात मोजमाप पद्धतीच्या तपासणीसाठी जी मार्गदर्शिका वापरली जाते, तिच्यानुसार ०.७५ च्या वर सहमती चांगली आणि ०.४० च्या खाली ती कमकुवत समजली जाते. आमचा निकाल या खालच्या रेषेच्याही खाली होता. काही अधिकाऱ्यांचे दुसऱ्या वेळचे उत्तर त्यांच्याच पहिल्या उत्तराशी जुळत नव्हते.

निकाल वाचून दाखवला तेव्हा बैठकीत कोणी काही बोलेना. एका ज्येष्ठ विभागप्रमुखांनी आपली दोन्ही वेळची उत्तरपत्रिका मागून घेतली, ओळीनुसार पडताळली आणि मग स्पष्टपणे सांगितले की हे असे असेल तर मी आजवर दिलेल्या गुणांवर कोणी शंका घेतली, तर त्याला मी दोष देऊ शकत नाही. त्यांच्या या प्रामाणिकपणामुळे पुढचे काम सोपे झाले, आणि मला त्यांच्याविषयी आजही विशेष आदर वाटतो. निकषनिहाय पाहिले तेव्हा यंत्राचे सेटिंग, रेखाचित्र वाचन, सुरक्षा नियमांचे पालन अशा बाबींत मते बऱ्यापैकी जुळत होती. ‘नेतृत्वगुण’, ‘ॲटिट्यूड’ आणि ‘जबाबदारीची जाणीव’ या तीन रकान्यांत ती सर्वाधिक फाकली होती. आणि नेमके याच तीन रकान्यांना सर्वाधिक गुण राखून ठेवलेले होते.

मोजमापातली दुसरी गोष्ट रिजेक्शनच्या आकड्यांची. कोणाच्या हातून किती भाग नापास झाले हा निकष सर्वांना वस्तुनिष्ठ वाटत होता. पण तो आकडा माणसानुसार न मांडता यंत्रानुसार मांडल्यावर असे दिसले की जुन्या लेथवर जो बसेल त्याचे रिजेक्शन जास्तच येते, मग तो कोणीही असो. अमेरिकी गुणवत्तातज्ज्ञ डेमिंग यांचा लाल मण्यांचा प्रसिद्ध प्रयोग हेच दाखवतो. ४,००० मण्यांच्या पेटीत ८०० लाल मणी मिसळलेले असतात, ५० खाचांच्या फळीने कामगार मणी काढतो, आणि लाल मणी किती आले यावरून त्याला शाबासकी किंवा ताकीद मिळते, मात्र त्या संख्येवर त्याचा काहीच ताबा नसतो. वार्षिक गुणांकनाला डेमिंग यांचा कडवा विरोध का होता, ते आमच्या त्या तक्त्यावरून गटातल्या प्रत्येकाला उमगले. ज्येष्ठ सेटर गेली कित्येक वर्षे त्याच जुन्या लेथच्या रांगेत होते, आणि तेही एवढ्यासाठी की ती यंत्रे दुसऱ्या कोणाला नीट सांभाळता येत नव्हती.

विश्लेषणात जपानी गुणवत्तातज्ज्ञ इशिकावांची, संभाव्य कारणे गटवार मांडणारी माशाच्या काट्याची आकृती काढली आणि मूळ कारणापर्यंत पोहोचण्यासाठी टोयोटात रूढ झालेली ‘पाच वेळा का’ ही पद्धतही वापरली. यंत्राविषयी पाच वेळा ‘का’ विचारणे निरुपद्रवी असते. माणसांच्या निर्णयाविषयी विचारले की तिसऱ्या ‘का’ला ती उलटतपासणी होते. म्हणून आम्ही अशी मर्यादा घातली की कोणत्याही ‘का’चे उत्तर व्यक्तीचे नाव असू नये, नाव आले तर त्या व्यक्तीला तसे वागणे ज्या व्यवस्थेने शक्य करून दिले ती व्यवस्था लिहावी. गावकीचा, नात्यागोत्याचा आणि जातीचा आरोपही दबक्या आवाजात होत होता आणि तो झाकून ठेवू नये असे माझे मत होते. आम्ही जुन्या याद्या पाहिल्या. पण एका फेरीत बढत्या इतक्या थोड्या होतात की त्या आकड्यांवरून पक्षपात सिद्धही करता येत नाही आणि नाकारताही येत नाही. संख्याशास्त्राला जे सांगता येत नाही ते त्याच्या नावावर खपवू नये, असे मी अहवालात स्पष्ट लिहिले. पक्षपात झाला असो वा नसो, तो करायला जागा होती, आणि ती जागा बंद करणे आपल्या हातात आहे, यावर मात्र दोन्ही बाजूंचे एकमत झाले.

सुधारणांपैकी सर्वांत परिणामकारक ठरली ती सर्वांत साधी: शिफारशीची पायरी काढून टाकली. ठरलेली सेवा आणि कोणाला कोणते काम किती येते हे नोंदवणाऱ्या कौशल्य तक्त्यातली ठरलेली पातळी पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाचे नाव आपोआप यादीत येते, आणि ज्याला सुपरवायझर व्हायचेच नाही तो तसे लिहून देतो. ‘नेतृत्वगुण’ हा रकाना मोडून त्याजागी पाहता येतील अशा कृती लिहिल्या, उदाहरणार्थ नव्या माणसाला सेटिंग शिकवून त्याच्याकडून ते करवून घेतले का, पाळी सोपवताना अडचण लेखी कळवली का, असुरक्षित काम थांबवले का. दोन मूल्यमापक आपापले गुण आधी लिहून पाकिटात देतात आणि चर्चा त्यानंतर होते. त्यांपैकी एकाने उमेदवाराचे काम त्याच्याच पाळीत, रात्रपाळी असेल तर रात्री येऊन, पाहिलेले असले पाहिजे. मे महिन्याच्या उकाड्यात रात्री शॉपवर येऊन थांबणे अधिकाऱ्यांना सोपे गेले नाही, पण पहिल्याच फेरीत काही माणसांविषयीची त्यांची मते बदलली.

सर्वाधिक वाद झाला तो ज्येष्ठतेवर. युनियनला ज्येष्ठता हवी होती, व्यवस्थापनाला गुणवत्ता, आणि दोघेही आपापल्या जागी ठाम होते. ग्रामीण बँकांच्या बढत्यांसंबंधीच्या एका प्रकरणात १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने या दोन तत्त्वांतला भेद नीट मांडला आहे: ज्येष्ठतेला प्राधान्य असलेल्या पद्धतीत कामासाठी आवश्यक ती किमान गुणवत्ता आधी ठरवावी आणि ती गाठणाऱ्यांत जो ज्येष्ठ त्याला पद द्यावे, मग त्याच्यापेक्षा कनिष्ठाचे गुण अधिक असले तरी. सरकारी कार्यालयांत ‘ज्येष्ठता-नि-पात्रता’ म्हणतात तिच्याच जवळचे हे तत्त्व. सुपरवायझरच्या पहिल्या पायरीसाठी आम्ही हेच स्वीकारले आणि त्यावरच्या पदांसाठी गुणवत्तेला प्राधान्य ठेवले. किमान रेषा कोठे आखायची यावर दोन बैठका खर्ची पडल्या. शेवटी ती वरच्या बाजूला आखली गेली आणि युनियनने ते मान्य केले, कारण ती सर्वांना आधी कळणार होती.

कारणे लेखी कळवण्यास मनुष्यबळ विभागाचा आक्षेप होता की त्यातून तक्रारी वाढतील. शासकीय सेवकाच्या गोपनीय अहवालातली प्रत्येक नोंद, ती चांगली असली तरी, त्याला कळवली पाहिजे असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली देव दत्त प्रकरणात म्हटले आहे. तो निर्णय खासगी कारखान्याला थेट लागू होत नाही, पण त्यामागचा विचार येथेही तितकाच खरा आहे: जी नोंद माणसाच्या भवितव्यावर परिणाम करते ती त्याला न दाखवणे म्हणजे ती दुरुस्त करण्याची संधी नाकारणे. आता प्रत्येक उमेदवाराला निकषनिहाय गुण आणि पुढच्या फेरीपर्यंत काय करावे हे एका पानावर मिळते, आणि मूल्यमापनात नसलेल्या अधिकाऱ्याकडे फेरविचार मागता येतो. पहिल्या फेरीत अशा अर्जांची संख्या खरोखरच वाढली. मला ते चांगले लक्षण वाटले, कारण तेच म्हणणे पूर्वी कॅंटीनमध्ये आणि पाळी बदलताना बाहेर पडत असे.

एक गोष्ट कोणत्याही पद्धतीने सुटण्यासारखी नव्हती. जागा थोड्या आणि पात्र माणसे जास्त, हे वास्तव निकष सुधारून बदलत नाही. शिवाय उत्तम सेटर उत्तम सुपरवायझर होईलच असे नाही. तसे करताना आपण एक कुशल हात गमावतो आणि त्या माणसालाही न रुचणारे काम देतो. म्हणून तंत्रज्ञांसाठी वेगळी शिडी असावी, तिच्यात वेतनवाढ आणि मान दोन्ही असावेत, अशी शिफारस गटाने केली. खर्चाच्या कारणावरून ती बरेच महिने अडली. युनियन आणि दोन्ही विभागप्रमुख यांनी एकत्र निवेदन दिल्यावर ती मंजूर झाली. या दोन बाजूंच्या सह्या एकाच कागदावर येण्याची आमच्याकडची ती पहिलीच वेळ होती.

त्या ज्येष्ठ सेटरनी पुढच्या फेरीत सुपरवायझरपदासाठी आपले नाव राहू दिले. कागदी नोंदी ठेवण्याच्या निकषात ते किमान रेषेच्या खाली राहिले. त्यांनी फेरविचार मागितला, एका निकषात त्यांचे गुण वाढले, तरी निकाल बदलला नाही. गुणपत्र वाचून ते म्हणाले, “हे बरोबर आहे. लिहिण्यात मी कच्चाच आहे.” नंतर तंत्रज्ञांच्या नव्या शिडीवर पहिली नियुक्ती त्यांची झाली, आणि नव्या यंत्रांवरच्या मुलांना सेटिंग शिकवण्याचे काम त्यांनी त्या तरुण सुपरवायझरबरोबर वाटून घेतले. दोघांची मैत्री झाली असे मी म्हणणार नाही. पाळी सोपवताना ते बोलतात आणि लॉगबुक भरलेले असते, कारखान्याला आणि त्या दोघांना तेवढे पुरेसे आहे.

नियंत्रणाच्या टप्प्यात दर फेरीपूर्वी मूल्यमापकांची सहमती चाचणी घेतली जाते आणि ०.७५ ची रेषा न गाठणाऱ्याला निकषांचा सराव करून पुन्हा चाचणी द्यावी लागते; कारणांची पत्रे ठरल्या मुदतीत गेली का हे युनियनचे प्रतिनिधी आणि मनुष्यबळ विभाग मिळून तपासतात. सगळेच गुण मध्यावर येऊन थांबतील ही भीती काही अंशी खरी ठरली आहे, आणि त्यावर आम्ही अजून काम करत आहोत. त्याहून गंभीर उणीव अशी की कंत्राटी कामगार या सबंध व्यवस्थेच्या बाहेर आहेत. त्यांच्यातले कित्येक जण कायम कामगारांइतकेच कुशल असूनही त्यांचे नाव आमच्या कौशल्य तक्त्यावरही नाही. त्यांच्या कौशल्याची नोंद त्याच तक्त्यात व्हावी आणि कायम भरतीच्या वेळी ती ग्राह्य धरावी, असा प्रस्ताव गटाने दिला असून तो सध्या व्यवस्थापनासमोर आहे. पुढच्या बैठकीत त्यावर निर्णय मागण्याचे आम्ही ठरवले आहे.